सानिया मिर्झाची मोठी कामगिरी कोणती: एकेरीतील सत्ताविसावा क्रमांक की दुहेरीतील पहिला?

बेसलाइन, दादर

सानिया मिर्झा फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा व्यावसायिक सामना खेळली. तिच्या कारकिर्दीविषयी आजही काही छापून आले की सुरुवात सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांनी आणि दुहेरीतील अव्वल क्रमांकाने होते. एकेरीचा विषय मात्र ‘दुखापतींमुळे सोडावी लागली’ एवढ्यावर आटोपतो. हा क्रम मला मुळातच मान्य नाही. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत सत्ताविसाव्या स्थानी पोहोचली, ही तिची सर्वांत मोठी कामगिरी होय आणि दुहेरीतील सगळे करंडक त्यानंतर येतात, असे माझे मत आहे.

ती कोठून निघाली हे आधी पाहिले पाहिजे. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथनने एकेरीच्या मुख्य स्पर्धेतील पहिली फेरी जिंकली, तेव्हा तो एक विजयसुद्धा भारतीय महिला टेनिससाठी ऐतिहासिक ठरला होता. त्यानंतर सात वर्षांनी, मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली अठरा वर्षांची मुलगी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, त्याच स्पर्धेत उतरते, तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सपुढे उभी राहते, पुढच्याच महिन्यात हैदराबादची डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) स्पर्धा जिंकते, दुबईत तेव्हाची अमेरिकन ओपन विजेती स्वेतलाना कुझनेत्सोवा हिला हरवते आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत मारिया शारापोवाशी खेळते. पुढच्या वर्षी सोल येथे तिने मार्टिना हिंगिसला एकेरीत हरवले. त्याच हिंगिसच्या साथीने तिने पुढे दुहेरी गाजवली.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीने त्या एकाच गोष्टीसाठी जिवाचे रान केलेले असते. दुहेरीच्या ६४ जोड्यांमध्ये तशी स्थिती नसते, कारण एकेरीच्या शिखरावरील बहुतेक खेळाडू तिकडे फिरकतच नाहीत. सानियाखेरीज आजवर एकही भारतीय महिला एकेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत आलेली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे सत्तावीस या आकड्याचे वजन कळते.

गिरगावकर

२००५ ची आपण सांगितलेली हकिकत खरी आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ज्या एकेरीला आपण एवढे मोठे स्थान देता, तिच्यात सानियाच्या नावावर डब्ल्यूटीएचे एकच विजेतेपद आहे आणि ग्रँड स्लॅममध्ये चौथ्या फेरीच्या पुढे ती कधीही गेली नाही. त्या वर्षाने आपल्या सगळ्यांच्या मनात जी आशा जागवली, तिचे मोल आपण कामगिरीच्या खाती जमा करत आहात.

आता दुहेरीकडे पाहा. मार्च २०१५ मध्ये हिंगिसबरोबर खेळायला लागल्यावर या जोडीने इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्स्टन या तिन्ही स्पर्धा ओळीने जिंकल्या आणि एप्रिलमध्ये सानिया दुहेरीच्या क्रमवारीत पहिली आली. हे स्थान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्यानंतर विम्बल्डन, अमेरिकन ओपन, वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन. सलग ४१ सामने ही जोडी हरली नाही. सगळे मिळून ९१ आठवडे अव्वल स्थान आणि दुहेरीची ४३ विजेतेपदे, हा हिशेब दुय्यम म्हणून बाजूला सारता येणार नाही.

विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्याविषयी थोडे अधिक लिहितो. समोर एकातेरिना माकारोवा आणि एलेना व्हेस्निना होत्या; यांपैकी व्हेस्निनाच्या साथीने सानिया २०११ मध्ये फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळली होती, म्हणजे प्रतिस्पर्धी तिचा खेळ आतून ओळखत होती. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर (६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर) मिळाला आणि तिसऱ्यात ही जोडी २-५ अशी मागे पडली. तेथून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. अंधारून आल्यामुळे सेंटर कोर्टचे छप्पर बंद करून दिवे लावावे लागले, आणि मग उरलेले दोन्ही गेम जिंकून त्यांनी सामना ५-७, ७-६, ७-५ असा खिशात घातला. एवढ्या दडपणाखाली सर्व्हिस परतवणे हे एकेरीत सोपे आणि दुहेरीत अवघड, किंवा याच्या उलट, असे कोणी कसे ठरवणार?

बेसलाइन, दादर

त्या सामन्याचे मोठेपण मी नाकारत नाही. परंतु टेनिसच्या जगाने स्वतः दोन्ही प्रकारांना काय मोल दिले आहे तेही पाहावे. त्याच २०१५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघींत मिळून ३ लाख ४० हजार. शिवाय सानियाच्या शेजारी उभी असलेली हिंगिस एकेरीची पाच ग्रँड स्लॅम जिंकून, निवृत्त होऊन, केवळ दुहेरीसाठी परत आलेली होती. त्या यशातील सानियाचा वाटा किती हे वेगळे काढून दाखवता येत नाही. एकेरीत असा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे जिंकणारीही तीच आणि हरणारीही तीच.

टॉपस्पिन, मालाड

मी लहान मुलांना टेनिस शिकवतो, म्हणून दोन गोष्टी खेळाच्या अंगाने मांडतो.

सानियाचा फोरहँड हा तिच्या काळातील महिला टेनिसमधील अत्यंत जोरकस फटक्यांपैकी एक होता, आणि त्याचा वेग मुख्यतः मनगटाच्या झटक्यातून येत असे. तिची सर्व्हिस, विशेषतः दुसरी सर्व्हिस, मात्र त्या तोडीची नव्हती, आणि कोर्टच्या दोन्ही टोकांना धावण्यातही ती शारापोवा किंवा एना इवानोविचच्या बरोबरीची नव्हती. एकेरीत निम्मे गेम स्वतःच्या सर्व्हिसवर काढावे लागतात, त्यामुळे कच्ची सर्व्हिस असलेल्या खेळाडूला प्रत्येक सेटमध्ये परतीच्या फटक्यांवर जगावे लागते. दुहेरीत चार गेमपैकी एकदाच आपली पाळी येते, अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते आणि नेटपाशी हिंगिससारखी जोडीदार असली तर बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, मारलेल्या एका दमदार फोरहँडने तिच्यासाठी सोपा चेंडू तयार होतो. सानियाच्या खेळातील सगळे बळ दुहेरीत वापरले गेले आणि उणिवा झाकल्या गेल्या.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध वाटले तरी मला दोन्ही मान्य आहेत. अशी सर्व्हिस असताना सत्ताविसाव्या स्थानापर्यंत जाणे हे थक्क करणारे आहे. तेथे ‘बेसलाइन’ यांच्याशी मी सहमत आहे. परंतु २००८ मध्ये ज्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि ज्याच्या दुखण्यामुळे त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेरीचा सामना अर्धवट सोडावा लागला, त्याच मनगटावर तिचा सगळा खेळ उभा होता. २०१३ मध्ये एकेरी सोडण्याचा तिचा निर्णय माघार म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या शरीराचा आणि खेळाचा इतका नेमका अंदाज फार थोड्या खेळाडूंना येतो.

गिरगावकर

सानियाचा वाटा वेगळा काढता येत नाही, या मुद्द्याला उत्तर २०१६ च्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत मिळाले. हिंगिस आणि सानिया नुकत्याच वेगळ्या झाल्या होत्या. सानिया बार्बोरा स्ट्रिकोवाबरोबर खेळत होती, हिंगिस कोको व्हँडवेघेबरोबर, आणि योगायोगाने अंतिम फेरीत या दोन जोड्या समोरासमोर आल्या. सानिया आणि स्ट्रिकोवाने तो सामना सरळ दोन सेटमध्ये जिंकला आणि तोवर हिंगिसबरोबर वाटून घेतलेले अव्वल स्थान एकट्या सानियाकडे आले. त्याआधी २०१४ मध्ये कारा ब्लॅकच्या साथीने तिने डब्ल्यूटीए फायनल्स जिंकलीच होती. जोडीदार बदलल्या तरी जी जिंकत राहते, तिच्या यशाचे श्रेय दुसरीला देता येत नाही.

एकेरीच्या मोठ्या खेळाडू दुहेरी खेळत नाहीत हे विधानही सरसकट खरे नाही. २०१५ च्या फायनल्समध्ये सिंगापूरला अंतिम फेरीत समोर गार्बिने मुगुरुझा होती, जी त्याच वर्षी विम्बल्डनच्या एकेरीची उपविजेती ठरली होती. तिला आणि कार्ला सुआरेझ नवारोला सानिया-हिंगिस जोडीने ६-०, ६-३ असे हरवले.

शीवची पालक

माझी मुलगी चौदा वर्षांखालील गटात खेळते, त्यामुळे ही चर्चा मी जरा वेगळ्या काळजीने वाचत आहे. ‘बेसलाइन’ यांनी बक्षिसाच्या रकमेवरून मोल ठरवले, ते मला योग्य वाटत नाही. ती रक्कम आयोजक तिकिटे आणि प्रक्षेपण पाहून ठरवतात. खेळाडूच्या कौशल्याचे ते माप नव्हे.

आपल्याकडे अकादम्यांमध्ये दुहेरी जवळजवळ शिकवलीच जात नाही. मुली तासन्‌तास बेसलाइनवर उभ्या राहून फोरहँड मारतात. पावसाळ्यात कोर्ट अपुरे पडले म्हणजे चौघींना एका कोर्टवर सोडले जाते, आणि तेवढीच त्यांची दुहेरी. नेटवर कधी सरकायचे, जोडीदाराच्या सर्व्हिसच्या वेळी कोठे उभे राहायचे, हे कोणी सांगत नाही. दुहेरी दुय्यम आहे असे मोठी माणसे मानतात, त्याचा हा थेट परिणाम आहे, आणि म्हणून हा वाद मला केवळ एका निवृत्त खेळाडूपुरता वाटत नाही.

सानियाच्या दुहेरीचे फळ तर आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. बार्शीची प्रार्थना ठोंबरे हैदराबादेत सानियाच्या अकादमीत घडली, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक जिंकले आणि रिओ ऑलिंपिकमध्ये तिच्याच बरोबर खेळली. सानिया निवृत्त झाली त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही: ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाल्यानंतर सानिया जानेवारी २०२० मध्ये परतली आणि पहिलीच स्पर्धा, होबार्टची, नादिया किचेनोकबरोबर जिंकली. तेहेतिसाव्या वर्षी, आई झाल्यावर, जे जमले ते दुहेरीमुळे जमले. मुलीला पुढे काय दाखवायचे असा प्रश्न पडतो तेव्हा मला हे जास्त महत्त्वाचे वाटते.

बेसलाइन, दादर

आपल्या मुलीला दुहेरी नीट शिकवली जावी, याबाबत माझे दुमत नाही. सिनसिनाटीच्या सामन्यावरून सानियाचे दुहेरीतील स्वतंत्र सामर्थ्य सिद्ध होते, हेही खरे. तरीही मूळ प्रश्नावर माझे मत कायम आहे, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या उदाहरणांतच आहे. दुहेरीची वाट भारतात आधीपासून मळलेली होती. महेश भूपतीने १९९७ मध्येच फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती, लिअँडर पेस होता, आणि सानियाची पहिली दोन ग्रँड स्लॅम विजेतेपदे भूपतीच्याच साथीने आली. सानियानंतरही त्या वाटेवर प्रार्थना आणि ऋतुजा आहेत. एकेरीत तिच्या पुढे कोणी भारतीय महिला नव्हती आणि सत्ताविसाव्या स्थानाच्या जवळपास अजूनही कोणी गेलेली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टवर मुंबई ओपन झाली, तेव्हा कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन एकेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्या आठवड्यात तिच्या प्रत्येक सामन्याला प्रेक्षक कोणाचे नाव घेत होते, ते आठवून पाहा.

शीवची पालक

आम्ही दोघी त्या आठवड्यात तेथे होतो. नाव सानियाचेच घेतले जात होते, हे खरे. पण माझ्या शेजारी बसलेल्या मुली विम्बल्डनच्या त्या फायनलविषयी बोलत होत्या. २००७ मध्ये त्यांचा जन्मही झालेला नव्हता.