पुतण्याला मॅनेजरने 8 वर्षांचा करार दिलाय, सही करावी का? रेसिंग बघणाऱ्यांनी, चालवणाऱ्यांनी प्लीज बोला

खराडीचा_काका
नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा. माझा पुतण्या 14 वर्षांचा आहे, चार वर्षं कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेसिंग) करतोय, आधी इथेच पुण्यात हौस म्हणून, मग कोल्हापूरच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस आणि आता नॅशनलच्या राउंडसाठी चेन्नई-बंगळूरच्या फेऱ्या चालू आहेत. दादाचं चाकणला छोटं वर्कशॉप आहे, त्यातून जे येतं ते टायर, इंजिन आणि रेल्वेच्या तिकिटात जातं. आता एक मॅनेजर मागे लागलाय, म्हणतो पुढच्या वर्षी पोराला युरोपात फॉर्म्युला 4 मध्ये, म्हणजे एफवनच्या शिडीच्या खालच्या पायरीवर, बसवतो. करार 8 वर्षांचा, जे कमावेल त्यातले 25 टक्के त्याचे, आणि कुठल्या टीमकडून चालवायचं ते तोच ठरवणार. तो स्वतः एका टीममध्ये भागीदार पण आहे. दादा म्हणतो अशी संधी परत दारात येत नाही, सही करून टाकू. वहिनी काहीच बोलत नाहीये आणि मला रात्री झोप लागत नाहीये.

मी 2005 पासून एफवन (फॉर्म्युला वन) बघतोय, नरेन कार्तिकेयन इंडियानापोलिसला चौथा आला तेव्हा मध्यरात्र उलटेपर्यंत जागा होतो, सहाच गाड्या पळाल्या होत्या तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटलेत. पण मी फक्त टीव्हीवर बघणारा माणूस. मला सांगा, पोरगं चांगलं चालवत असेल तर मॅनेजरच्या किंवा टीमच्या चुकीच्या निर्णयाने खरंच करिअर बसतं का, का चांगला ड्रायव्हर कसाही वर येतोच?

पिटवॉल_कोथरूड
काका, तो माणूस टीममध्ये भागीदार आहे हे तुम्ही शेवटी लिहिलंय, माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

जाक व्हिलनव्ह आठवतो का, 1997 चा वर्ल्ड चॅम्पियन. विल्यम्स टीममध्ये पहिल्या दोन वर्षांत 11 रेस जिंकलेला. त्याचा मॅनेजर क्रेग पोलॉक, म्हणजे त्याच्या शाळेतले पीटीचे सर, घरच्यासारखा माणूस. या पोलॉकने सिगारेट कंपनीचा पैसा आणून बार नावाची नवीन टीम काढली, त्यासाठी टायरेल टीम विकत घेतली, आणि 1999 ला आपल्याच ड्रायव्हरला तिथे नेलं. पहिल्या वर्षी व्हिलनव्ह सीझनच्या पहिल्या 11 रेसमध्ये एकदाही शेवटपर्यंत पोचला नाही, आणि पूर्ण वर्षात टीमला एक पॉइंट नाही. 2003 पर्यंत तिथेच राहिला आणि 1997 नंतर आयुष्यात परत एकही ग्रांप्री जिंकला नाही. त्याला भरपूर पैसा मिळाला आणि निर्णयात तो स्वतः पण होता हे खरं आहे. पण मला सांगा, "अरे नको जाऊस, टीम अजून कच्ची आहे" हे त्याला कोण सांगणार होतं? जो सांगायचा तोच टीम चालवत होता.

दुसरा नेल्सन पिके ज्युनिअर. फ्लाव्हिओ ब्रियातोरे रेनॉ टीमचा बॉस आणि याचा मॅनेजर पण. 2008 ला सिंगापूरमध्ये पोराने मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावते ती गाडी), त्याचा फायदा होऊन टीममधला दुसरा ड्रायव्हर अलोन्सो जिंकला. पोराचा पुढच्या वर्षीचा करार तेव्हा लटकलेला होता. 23 वर्षांचा मुलगा, समोर बॉस बसलाय आणि बॉसच तुझा मॅनेजर, तो जाणार कोणाकडे? 2009 च्या ऑगस्टमध्ये त्याच बॉसने त्याला काढलं, मग त्याने सगळं उघड केलं, बॉसला जावं लागलं. पण पोराला परत एफवनची सीट मिळाली नाही. नंतर फॉर्म्युला ईचं पहिलं टायटल त्याने जिंकलं, म्हणजे हातात कला होतीच ना.

रविवार_साडेसहा
वरच्यांशी सहमत. मला मात्र मॅनेजरपेक्षा टीमची घाई जास्त खटकते. रेड बुल टीमची दुसरी सीट बघा, म्हणजे दोन ड्रायव्हरांपैकी दुसऱ्याची जागा. क्व्हियातने 2015 ला टीममधल्याच रिकार्डोपेक्षा जास्त पॉइंट काढले, 95 विरुद्ध 92. 2016 ला चीनमध्ये पोडियम (पहिल्या तिघांत), आणि रशियाच्या रेसमध्ये व्हेटेलला दोनदा ठोकलं म्हणून लगेच खालच्या टीममध्ये रवानगी. त्याच्या जागी व्हर्स्टॅपेन आला आणि पहिल्याच रेसला जिंकला, म्हणून सगळे म्हणाले बघा निर्णय बरोबर होता. अरे पण क्व्हियातचं काय? त्यानंतर तो पोरगा कधी सावरलाच नाही. गॅसलीला 12 रेसनंतर काढलं, लॉसनला 2025 मध्ये फक्त 2. दोन! आपल्याकडे नवीन ड्रायव्हरला कंपनीची गाडी द्यायला पण महिनाभर बघतात हो.

आणि विल्यम्सचा सार्जंट, 2024 मेलबर्न. शुक्रवारी टीमचा दुसरा ड्रायव्हर आल्बनने गाडी फोडली, टीमकडे तिसरी चॅसी (गाडीचा सांगाडा) तयारच नव्हती, मग सार्जंटची धडधाकट गाडी काढून आल्बनला दिली. स्वतःची काही चूक नसताना पोरगा अख्खी रेस गॅरेजमध्ये उभा. स्पेअर वेळेत बनली नाही ही चूक फॅक्टरीतली आणि शिक्षा ड्रायव्हरला. मी ती रेस सकाळी उठून बघितली आणि त्याचा चेहरा दाखवला तेव्हा टीव्ही बंद केला. ऑगस्टमध्ये त्याची सीट पण गेली.

हडपसर_हेअरपिन
मला थोडं वेगळं वाटतं. प्रत्येक वेळी मॅनेजमेंटवर ढकलून चालत नाही. रिकार्डो 2018 नंतर रेड बुल सोडून रेनॉला गेला तो स्वतःच्या पायाने, आणि त्यानंतर त्याची एकच रेस जिंकून झाली, 2021 ची मोंझा. जाँ आलेझीकडे 1991 साठी विल्यम्सचा करार होता तरी तो फेरारीला गेला कारण मनात फेरारी होती, मग विल्यम्सने 1992 आणि 1993 ची टायटलं नेली आणि आलेझी 200 च्या वर रेस करून एकदाच जिंकला. उलट 2012 ला हॅमिल्टन मॅक्लारेन सोडून मर्सिडीजला निघाला तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणत होते वेडा झालाय, मी पण म्हणालो होतो. तिथे त्याने सहा टायटलं घेतली.

फेरारीच्या लेक्लेरचं 2022 पण तसंच. मोनॅकोला पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुरू करून, चौथा, सिल्व्हरस्टोनला पुढे असताना सेफ्टी कारमध्ये बाकीच्यांना नवे टायर आणि याला जुन्यावर ठेवलं, हंगेरीला हार्ड टायर लावले, जे तिथे चाललेच नाहीत. मी अक्षरशः ओरडत होतो. पण स्पेन आणि बाकूला गाडीच बंद पडली, फ्रान्सला त्याने स्वतः भिंतीत घातली, आणि वर्षाच्या शेवटी व्हर्स्टॅपेन 146 पॉइंटने पुढे होता. सगळंच पिटवॉलच्या, म्हणजे रेस चालू असताना निर्णय घेणाऱ्या टीमवाल्यांच्या, डोक्यावर नाही मारता येत.

पिटवॉल_कोथरूड
@हडपसर_हेअरपिन लेक्लेर, रिकार्डो हे मोठे लोक आहेत, चुकले तरी पुढची सीट मिळते. काकांचा पुतण्या 14 वर्षांचा आहे. आपला करुण चंढोक बघ ना, 2010 ला एचआरटी नावाच्या नवीन टीममध्ये. टीमची मालकी सीझन सुरू व्हायच्या तोंडावर बदलली, एक दिवसाचं टेस्टिंग नाही, बहारीनला याची गाडी पहिल्यांदा पळाली ती थेट क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसमधला सुरुवातीचा नंबर ठरतो तिथे. असल्या गाडीतून त्याने मेलबर्न आणि मोनॅकोला 14 वा नंबर आणला आणि 10 रेसनंतर त्याला बाजूला बसवलं. नंतर 2011 ला लोटसकडून फक्त एक रेस मिळाली. भारतातून किती जण तिथवर पोचतात, आणि पोचलेल्याला गाडी ही अशी.

सीट_गेलेला
मी इथे सहसा लिहीत नाही पण काकांसाठी लिहितोय. मी स्वतः सिंगल सीटर (एकाच माणसाची रेसिंग कार) चालवलीय, दक्षिणेत, तीन सीझन. माझाही मॅनेजर होता, नाव नाही घेत. त्याने माझ्या स्पॉन्सरशी करार माझ्या नावाने न करता स्वतःच्या फर्मच्या नावाने केला होता, आणि ते आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पैसे त्याच्याकडे यायचे, टीमला तो उशिरा द्यायचा, मग टीमवाले नवे टायर द्यायचे नाहीत. मी जुन्या टायरवर लॅपला सेकंदभर मागे, आणि स्पॉन्सरला रिझल्टच्या कागदावर फक्त माझं नाव आणि नंबर दिसायचा, टायर कुठले होते ते त्या कागदावर कुठे लिहितात. तिसऱ्या वर्षी स्पॉन्सर गेला. माझे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे तू कमी पडलास, आणि मला पण बरीच वर्षं तेच वाटत होतं. आता मी नगर रोडला नोकरी करतो, ठीक चाललंय, पण रविवारी संध्याकाळी रेस लागली की अजून पोटात गोळा येतो.

काका, दादांना तीन गोष्टी विचारायला सांगा. स्पॉन्सरचे पैसे कोणाच्या खात्यात येणार. मॅनेजरने सीट दिली नाही तर पोरगं करारातून कधी सुटणार. आणि ज्या टीममध्ये त्याची भागीदारी आहे तिथेच पोराला बसवायचं असेल तर तेव्हा पोराच्या बाजूने कोण बोलणार. उत्तर कागदावर घ्या, फोनवर नको.

कोर्टाजवळचा
वकील आहे, रेसिंगचा नाही तरी सांगतो. मुलगा अज्ञान आहे, म्हणजे 18 च्या आत, त्यामुळे त्याच्या सहीला अर्थ नाही, सगळं वडिलांच्या सहीवर येणार आणि पैशाची जबाबदारी पण त्यांच्यावरच टाकलेली असू शकते. ते कलम नीट बघा. आणि करार हातात असला म्हणजे सीट मिळते असंही समजू नका. 2015 ला एफवनच्या झाउबर टीमने दोन सीटसाठी जास्त ड्रायव्हरांशी करार करून ठेवले होते, त्यातला फान डर खार्डे मेलबर्नच्या कोर्टात गेला, जिंकला, शुक्रवारी रेसिंग सूट घालून गॅरेजमध्ये आला, तरी गाडी मिळाली नाही. शेवटी नुकसानभरपाई मिळाली. एफवनमध्ये तो परत कधी धावला नाही.

खराडीचा_काका
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून @सीट_गेलेला तुमचे, तुमचं लिहिलेलं मी काल रात्री दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला याचे बाबा चुकले रे. वहिनी पहिल्यांदा बोलली, म्हणाली आठ वर्षं म्हणजे हा 22 चा होईल, तोवर याचं सगळं दुसऱ्याच्या हातात कशाला.

आज सकाळी मॅनेजरला फोन करून तेच तीन प्रश्न विचारले. म्हणाला एवढा संशय असेल तर माझ्याकडे दुसरी पोरं आहेत, रविवारपर्यंत सांगा. दादा अजून डळमळतोय, युरोप डोक्यातून जात नाही त्याच्या, आणि मी पण त्याला दोष देऊ शकत नाही. पोराला आम्ही अजून यातलं काही सांगितलेलं नाही, तो खाली पार्किंगमध्ये कार्टची चेन साफ करत बसलाय. कागद फ्रिजवर तसाच आहे, सही नाही. @कोर्टाजवळचा तुम्हाला मेसेज केलाय, शनिवारी शिवाजीनगरला भेटता येईल का? दादाला घेऊनच येतो.