मदत हवी आहे: गाडीला दर तीन महिन्यांनी पॉलिश करावं का?

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. गाडी काळी, चार वर्षं जुनी, पार्किंग उघड्यावर. मेट्रोच्या कामाची धूळ, वर बदामाच्या झाडावरचे कावळे. काळा रंग घेऊ नकोस असं बायको म्हणाली होती, असो.

रोज सकाळी गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत सगळ्या गाड्या उरकतात. त्यामुळे उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. दोन महिन्यांपासून त्यांना फक्त काचा पुसायला सांगितलंय. रविवारी मीच दोन बादल्या, कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरने धुतो. सोसायटीत पाइप लावायला मनाई आहे. पाणी बोअरचं, त्यामुळे लगेच पुसलं नाही तर पांढरे डाग राहतात. व्हिनेगर पाण्यात मिसळून लावलं, नवे डाग गेले, जुने नाहीत.

डिटेलिंगवाला दर तीन महिन्यांनी मशीन पॉलिश करा म्हणतो. पण पॉलिशमध्ये क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर थोडा घासला जातोच ना? वॅक्स वेगळं, ते नुसतं वर बसतं, एवढं मला कळतं.

गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायची आहे, लगेच विकायची नाही. सिरॅमिक कोटिंगचं बजेट नाही. मग एकदाच पॉलिश करून पुढे फक्त वॅक्स पुरेल का? आणि पावसाळ्याआधी करावं की नंतर?