वर्गातल्या सगळ्याच मुलांना मानसिक आरोग्याचे धडे? माझा विरोध आहे

निरभ्र:
ताण, चिंता, नैराश्य यांचे धडे वेळापत्रकात घालून वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना द्यायचे, ही कल्पना सध्या फार जोरात आहे. ऐकायला गोड, त्यामुळे नाही म्हणणारा लगेच दुष्ट ठरतो. तरी म्हणतो.

ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. 85 शाळा, 11 ते 13 वर्षांची आठ हजारांवर मुलं. काही शाळांत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी माइंडफुलनेसचे, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचे, दहा पाठ घेतले, बाकीच्यांत नेहमीचंच चालू राहिलं. 2022 मध्ये निकाल आला: नैराश्याचा धोका, भावनिक वागणूक, एकंदर बरं वाटणं, कशातच फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (गंमत म्हणजे शिक्षकांचा थकवा मात्र थोडा कमी झाला.)

बरं, नुसता उपयोग झाला नाही इतकंच असतं तर सोडून दिलं असतं. ऑस्ट्रेलियात ‘वाइज टीन्स’मध्ये मुलांना भावना हाताळण्याची कौशल्यं शिकवली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अभ्यासक्रम संपल्यासंपल्या या मुलांत चिंता आणि नैराश्याची लक्षणं न शिकलेल्यांपेक्षा जास्त होती. नंतर तो फरक बराचसा ओसरला, पण आईवडिलांशी बिघडलेलं नातं तसंच राहिलं. त्याच वर्षी लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी मांडलं की जागरूकतेच्या माऱ्यामुळे काही मुलं साध्या अस्वस्थतेलाही आजार समजू लागत असावीत. हे अजून गृहीतकच आहे, पण उडवून लावण्यासारखं नाही.

शाळामास्तर:
असहमत. दोन कार्यक्रम पडले म्हणून सगळा प्रकारच मोडीत काढताय. 2015 चा युरोपातला अभ्यास सोयीस्करपणे वगळलात. दहा देश, 168 शाळा, अकरा हजारांवर विद्यार्थी. त्यात ‘याम’ नावाच्या कार्यक्रमात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी चार आठवड्यांत मिळून जेमतेम पाच तास दिले. बराचसा वेळ मुलांनीच प्रसंग उभे करून, भूमिका वठवून त्यावर बोलायचं. वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न इतर शाळांच्या निम्म्याहून कमी. आणि हा कार्यक्रम निवडक मुलांसाठी नव्हता, अख्ख्या वर्गासाठी होता.

निरभ्र:
वगळला नाही, त्यावर येणारच होतो. इतर शाळांत 1.51 टक्के, ‘याम’च्या शाळांत 0.70 टक्के. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा फरक नव्हता, तो वर्षाने दिसला. शिवाय त्याच अभ्यासात आणखी दोन उपाय होते: शिक्षकांना धोका ओळखायला शिकवणं आणि तज्ज्ञांकडून मुलांची चाळणी. दोन्हींनी ठोस फरक पडला नाही. तिनातला एक लागू पडला.

शाळामास्तर:
आत्महत्येचे प्रयत्न निम्म्यावर आणणारा एक सापडला, तर माझ्या लेखी तिनातला एक पुष्कळ झाला हो!

ढकलगाडी:
आमच्या शाळेत ताणमुक्तीवर प्रकल्पवही होती. वेळेत दिली नाही तर गुण कापायचे. बाकी चालू द्या.

दोन_पोरांची_आई:
निरभ्र, तुमचे आकडे मान्य, पण एक बाजू राहतेय. माझी थोरली आठवीत असताना महिनोन्महिने पोटात दुखतं म्हणायची. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य तिच्याकडे नव्हतंच. ते तिला शाळेतल्याच एका तासात मिळालं. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं संशोधक वर्षानुवर्षं सांगताहेत. मग वाट कशाची बघायची? आणि ‘वाइज टीन्स’मध्ये ज्यांनी घरी सराव जास्त केला त्यांचं बरं चाललं होतं, हेही लिहा ना.

निरभ्र:
ताई, तुमच्या लेकीला मदत मिळाली हे चांगलंच झालं. पण जिला गरज होती तिला मिळालं म्हणून शेजारच्या बाकावरच्या धडधाकट मुलीलाही तेच द्यावं, हे पटत नाही. आणि सरावाचं म्हणाल, तर जी मुलं मुळात बरी असतात तीच सराव करतात, असंही असू शकतं.

काठावरचा:
बिहारमधला ‘सेहेर’ कार्यक्रम कुणी कसा काढला नाही? 74 सरकारी माध्यमिक शाळा, निकाल 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात. कार्यक्रम एकच, पण काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच नाही. मला तरी हा या सगळ्यातला सर्वांत बोलका निकाल वाटतो. ज्या माणसाच्या हातात गुण आणि शिक्षा असते त्याच्यापाशी मूल मन मोकळं करेल कशाला? ‘मिरियड’मध्येही पाठ शिक्षकांनीच घेतले होते, हे लक्षात घ्या.

निरभ्र:
हेच तर म्हणतोय! कामाला आला तो माणूस आणि शाळेतलं वातावरण. धडा नव्हे.

शाळामास्तर:
थांबा, थांबा. ‘सेहेर’ अख्ख्या शाळेसाठी होता. प्रार्थनेच्या वेळचे उपक्रम, तक्रारपेटी, वर्गातल्या चर्चा, सगळं सगळ्यांसाठी. त्याच्या जोडीला गरजूंशी एकट्याने बोलणं. म्हणजे ‘सरसकट’ हा दोष नाहीच, राबवतो कोण यात मेख आहे. तुमच्या धाग्याचं शीर्षकच यात वाहून गेलं. मी स्वतः शिकवतो, आणि हा विषय माझ्या माथी मारू नका, त्यासाठी वेगळा माणूस नेमा, असं खुशाल म्हणतो.

निरभ्र:
शीर्षक जागेवर आहे. वेगळ्या माणसाचा पगार टाळायचा म्हणूनच तर धडे आणतात. पुस्तक छापलं, शिक्षकांना दोन दिवस बसवलं, झालं काम. माझी अट एवढीच: आधी थोड्या शाळांत करून बघा आणि फायद्याबरोबर अपायही मोजा. नव्या औषधाला ही अट आहे, मग पोरांच्या मनावर करायच्या प्रयोगाला का नको?

शाळामास्तर:
मोजायला माझी ना नाही. पण निकाल येईपर्यंत त्या शाळांतल्या मुलांनी जायचं कुणाकडे? समुपदेशकाची जागा आधी भरा, चाचणी तिच्या जोडीला चालू द्या.