चवथीला बाबांसोबत काणकोण: थेट विमान की मुंबईमार्गे?

मंडळींनो, नमस्कार.

यंदा चवथीला बाबांना घेऊन काणकोणला घरी जायचं ठरवलंय. बाबा ऐंशीचे, गुडघ्यांनी बेजार. मुंबईमार्गे तिकीट बरंच स्वस्त दिसतंय. नकाशावर दुबई–गोवा सरळ अंतर सुमारे २,२०० किलोमीटर, आणि मुंबईवरून गेलं तर जेमतेम दीडशे जास्त. मग थेट विमानाला जादा पैसे का मोजायचे? शिवाय ते रात्री १०.३० ला सुटून ३.१० ला पोचतं म्हणे. पावणेपाच तास एका जागी बसणं बाबांना झेपेल का? गोव्यात परतलेल्यांपैकी कुणी सांगाल का?

(दुबईहून)

---

ताई, नमस्कार.

आधी घड्याळाचं. भारताची वेळ दुबईच्या दीड तास पुढे. तिकिटावरच्या वेळांमधून तो दीड तास वजा केला की प्रवास उरतो तीन तास दहा मिनिटांचा. दुबईला परतताना उलट, दोनच तासांत पोचल्यासारखं दिसेल. त्याला भुलून बाबांच्या औषधांच्या वेळा चुकवू नका.

मुंबईचा तुमचा हिशेब बरोबर आहे. दुबई–मुंबई सुमारे १,९३० किलोमीटर, तिथून गोव्याचा दाभोळी विमानतळ ४२५. पण इमिग्रेशन मुंबईतच होतं. बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर सामान घेऊन तिथवर जायचं. आईला मी एकदा असंच आणलं होतं. हवेतला शेवटचा टप्पा सव्वा तासाचा, आणि त्याच्यासाठी पाच तास खुर्चीत. पाय इतके सुजले की घरी येईपर्यंत चप्पल चढेना. ते वाचवलेले पैसे मला अजून टोचतात.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं: नुसतं ‘गोवा’ बघून तिकीट काढू नका. गोव्यात विमानतळ दोन; तिकिटावरच्या खुणेत जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात. दोन्ही विमानतळ सरळ रेषेत चाळीस किलोमीटरवर, पण मध्ये मांडवी आणि जुवारी, रस्त्याने साठच्या वर. पेडणे, डिचोली, अगदी सावंतवाडीच्या माणसाला मोपा सोयीचं. तुम्हाला मात्र काणकोण दाभोळीहून साठ-पासष्ट किलोमीटर आणि मोपाहून शंभरच्या आसपास. वर भाद्रपदातला पाऊस, पहाटेचा काळोख आणि करमल घाटाची वळणं. दाभोळीचं थेट मिळत असेल तर थोडे जास्त पडले तरी तेच घ्या.

मुंबईहून रेल्वेचा विचार असेल तर तोही सोडा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे वेग कमी ठेवते, आणि चवथीच्या गर्दीत आरक्षण मिळणं कठीण.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, काउंटरवर मागण्यावर विसंबू नका. आणि रात्री तीनला उतरून घाट चढायची घाई नको. मडगाव वाटेतच आहे. आमच्याकडे या, बाबांना आडवं होऊ द्या, उजाडल्यावर निघा. मी गाडी घेऊन दाभोळीला येतो.

(मडगावहून)

---

काका, दाभोळीचंच थेट तिकीट काढलं. व्हीलचेअर नोंदवली. तीन तास दहा मिनिटं म्हटल्यावर बाबांनी लगेच खिडकीची जागा मागितली. तुमच्याकडे नक्की थांबतो. काकूंना सांगा, फार काही करू नका; बाबांना सकाळी पेज आणि लोणच्याची फोड एवढंच लागतं.