क्वेंचिंग : प्रतिदीप्ती ‘विझते’ की तिचे ‘शमन’ होते?

बेळगावहून : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहीत आहे. तांबड्या रक्तपेशींवर २८० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला, की त्यांच्या प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ३४०च्या सुमारास उजळते; चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळल्यावर हा उजेड उतरतो. प्रकाश शोषून पदार्थ असा स्वतः उजळतो ती प्रतिदीप्ती, आणि ती उतरवण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘क्वेंचिंग’ म्हणतात. मी ‘प्रतिदीप्ती विझते’ असे लिहिले होते, तपासणाऱ्या सरांनी तेथे ‘शमन होते’ असे केले. आपणांस काय वाटते?

खानापूरहून : ताई, आमच्याकडे लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवतो, त्याला ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि इंग्रजीत तेही क्वेंचिंगच. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत मात्र मराठी काय नि कानडी काय, सगळ्यांच्या तोंडी मी ‘क्वेंचिंग’च ऐकले आहे. तोच शब्द ठेवावा.

निपाणीहून : पाणी दिल्याने कोयता कठीण होतो, येथे काय कठीण होणार आहे? ‘अग्निशमन’ शाळकरी मुलालाही कळते, आणि ‘शमन’ कन्नड वाचकालाही परका नाही. सरांचेच बरोबर.

चिकोडीहून : शब्दाआधी घडते काय ते पाहावे. उजळणारा रेणू धातूला अगदी खेटून असेल, तर त्याची ऊर्जा धातूतील इलेक्ट्रॉनांकडे जाऊन तिची उष्णता होते; हे खरे शमन. तोच रेणू काही नॅनोमीटर दूर असेल, तर कणामुळे उजेड वाढूही शकतो. शिवाय चांदीचे बारीक कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच शोषतात, हिमोग्लोबिनही ४१५च्या सुमारास शोषतेच, त्यामुळे यंत्रावर आकडा उतरला म्हणून लगेच ‘शमन’ लिहू नये. मोजमापाविषयी ‘मंदावते’ म्हणावे. रक्तात तर हे काम कणांवाचूनही चाललेले असते : हिमोग्लोबिनच्या ‘हीम’ या भागातील लोह आपल्याभोवतीच्या पॉर्फिरिन या वलयाला उजळू देत नाही, पण लोहाच्या कमतरतेत किंवा शिशाच्या विषबाधेत त्या जागी जस्त बसते आणि जांभळ्या प्रकाशात तांबूस प्रतिदीप्ती दिसू लागते.

बेळगावहून : म्हणजे निष्कर्षात ‘मंदावते’ आणि कारणमीमांसेत ‘शमन’. पण शीर्षकात काय द्यावे?

निपाणीहून : शीर्षकातून आधी ‘नॅनोकण’ काढा. ‘अब्जांश कण’ हा मराठी शब्द असताना उसनवारी कशाला?

खानापूरहून : काका, अब्जांश कशाचा, मीटरचा की कणाचा? वाचणारा कणाचेच अब्ज तुकडे करत बसेल.

निपाणीहून : ‘नॅनो’ म्हटल्यावर तरी मीटर कोठे दिसतो?