बाबांना नीट दिसतंय, तरी शुगरसाठी डोळे तपासायचे का?

घाटावरचा:
बाबा ६१ वर्षांचे, शुगर निघून १२ वर्षं झाली. उपाशीपोटी १२०-१३० येते म्हणून निर्धास्त असतात, पण गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) केली तर ९.१ आली. बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घेतात. डोळ्याच्या पडद्याची तपासणी आजवर एकदाही नाही, विषय काढला की म्हणतात मला लांबून एसटीची पाटी वाचता येते, कशाला पैसे घालवायचे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढलाय तेवढं पुरत नाही का? आणि डोळ्यांना धोका नक्की कोणाला जास्त असतो?

काजळमाया:
दादा, मी नेत्रतपासणीचं काम करते म्हणून सांगते, नंबर काढणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं. पडद्यावर रक्ताचे ठिपके असतात आणि माणूस शेवटची ओळ घडाघडा वाचतो, असं मी कितीदा बघते. मधल्या भागाला सूज येत नाही किंवा आत रक्तस्राव होत नाही तोवर काही कळतच नाही.
धोक्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शुगर किती वर्षं आहे, ती आपण बदलू शकत नाही. मग तीन महिन्यांची सरासरी, सकाळच्या एका आकड्यावर जाऊ नका, जेवणानंतर २५० होत असेल तर तो सकाळी दिसणार नाही. आणि बीपी! हे लोक विसरतातच. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या शुगरच्या मोठ्या अभ्यासात (१९९८) बीपी सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवलं तर पडद्याचा आजार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे फक्त दहा पॉइंटचा फरक. तेव्हा ती गोळी रोज द्या, डोकं दुखायची वाट बघू नका. लघवीतून प्रोटीन जात असेल, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, रक्त कमी असेल तरी धोका वाढतो, किडनी आणि डोळा दोन्हीकडे बारीक रक्तवाहिन्याच खराब होतात ना.
अजून एक, एचबीएवनसी ९ च्या वर असताना शुगर इन्सुलिनने झपाट्याने खाली आणली तर सुरुवातीला पडदा थोडा बिघडू शकतो. पुढे फायदाच असतो, घाबरून उपचार थांबवू नका, फक्त आधी पडदा बघून घ्या.

वडगावची लेक:
माझ्या आईचंही असंच, मला दिसतंय मला दिसतंय. एक दिवस तांदूळ निवडताना म्हणाली ताटात केस पडलाय, काढायला गेली तर हाताला काहीच लागेना. नंतर खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले तेव्हा नेलं, डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि सूजही होती. लेसर झालं, इंजेक्शनं झाली, आता स्थिर आहे पण बारीक अक्षर गेलं ते गेलंच. दोन वर्षं आधी हट्टाने न्यायला हवं होतं मी. प्लीज थांबू नका.

सायली_एस:
मला लग्नाआधीपासून टाइप १ शुगर (इन्सुलिन घ्यावंच लागतं ती) आहे, आता दिवस राहिलेत, मीपण करायची का?

काजळमाया:
@सायली हो गं, पहिल्या तीन महिन्यांतच कर. आधीपासून शुगर असेल तर गरोदरपणात पडदा पटकन बिघडू शकतो, पुढे किती वेळा बघायचं ते डॉक्टर सांगतील. फक्त गरोदरपणातच शुगर निघते त्यांचं वेगळं असतं.

घाटावरचा:
सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या आईचं बाबांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण संध्याकाळी स्वतःहून बीपीची गोळी मागितली. मंगळवारची वेळ घेतलीय. उपाशी न्यायचं का? गाडी ते स्वतःच चालवतो म्हणतायत.

काजळमाया:
उपाशी अजिबात नको, जेवण-गोळ्या नेहमीसारख्याच. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, नंतर चार-सहा तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे गाडी तुम्हीच चालवा. टोपी किंवा गॉगल घ्या, जुने शुगर-बीपी-किडनीचे रिपोर्ट पण असू द्या.