मनाली-लेह सायकलप्रवास : बारालाचा ला ओलांडण्यापूर्वीच्या मुक्कामाबाबत मदत हवी आहे

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे पती मनालीहून लेहपर्यंत सायकलने जाणार आहोत. सोबत मदतीची गाडी नाही आणि सामान सायकलींवरच असेल. रोहतांग ओलांडून केलाँग आणि जिस्पा येथे एकेक दिवस जादा थांबायचे, इथवर आमचे ठरले आहे. अडचण पुढची आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर असून झिंगझिंगबार थेट ४,२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरने वाढते. बारालाचा ला ही खिंड (सुमारे ४,८५० मीटर) ओलांडून सरचूला पोहोचल्यावर विरळ हवेचा त्रास झालाच, तर दोन्ही बाजूंना उंच खिंडी असल्यामुळे झटकन खाली उतरण्याची सोय नाही, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे.

गेल्या वर्षी रोहतांगच्या वाटेवरच्या मढीलाच माझे डोके इतके दुखले, की हेल्मेटचा पट्टाही सहन होईना. मला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्याने डॉक्टरांनी डायमॉक्स (उंचीवरचा त्रास टाळण्याचे औषध) घेऊ नये असे सांगितले आहे. दर रविवारी आम्ही सामानासह सिंहगडाचा घाट दोनदा चढतो. पाय तयार झाले, पण विरळ हवेची सवय तिथे कुठली व्हायला!

हाताशी दोन दिवस राखीव आहेत. जिस्पाच्या पुढच्या दारचा ते झिंगझिंगबार या टप्प्यात, साधारण ३,७०० मीटरच्या आसपास, सप्टेंबरच्या सुरुवातीला तंबू लावण्याजोगी आणि पाणी असलेली जागा मिळते का, की जिस्पाहून दिवसा वर जाऊन झोपायला पुन्हा खाली येणेच योग्य ठरेल?